चार बोटांची उंची

"पाटावरून? वस्ताद, तुम्ही पाटावरून पडलात?"

केरबा वस्ताद तालमीच्या ओट्यावर बसले होते. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. उभा जन्म मल्लखांबावर उलटं लटकण्यात गेला, पण कधी हाड मोडलं नव्हतं. काल तालमीच्या आतल्या खोलीत फळीवरची लोणच्याची बरणी काढायला पाटावर चढले आणि मनगट मोडून घेतलं.

विचारणारा सर्जेराव, त्यांचा सगळ्यात तरबेज चेला. खांबाच्या टोकावर एका पायावर उभा राहायचा आणि वरून लोकांकडे बघत मिशीला पीळ द्यायचा.

"आणि बरणी?"

"वाचली. देवाचं लक्ष नेमकं तिच्याकडं होतं."

"पण पाट तो केवढा, वस्ताद! चार बोटं!"

"म्हणून तर... खांबावरनं निसटलो तर मधे वेळ असतो. अंग वळवता येतं, मारुतीचं नाव घेता येतं. इथं 'मा' म्हणतोय तोवर फरशी आली."

सर्जेराव पोट धरून हसला. वस्तादही हसले, मग हात ठणकला म्हणून थांबले.

"खांबाच्या पाया पडल्याबिगर कधी चढलो न्हाई," ते म्हणाले. "पाटाच्या पाया कोण पडतंय..."

सर्जेराव जरा पुढे सरकला. कधीपासून त्याच्या मनात होतं ते आज बोलायची संधी होती. तालमीतली लहान पोरं शिकवायला मिळावीत म्हणून त्याने अनेकदा विचारलं होतं. वस्तादांनी हो म्हटलं नव्हतं.

"आता तुम्हाला जमायचं नाही. उद्यापासून पोरं मी घेतो."

"खांबाखालची माती खणून मऊ केलीस?"

"कशाला? बारकी पोरं ती. कंबरेएवढं तर चढतात. पडून पडून किती पडतील?"

वस्ताद उठले.

कोपऱ्यातली कुदळ डाव्या हातात घेतली आणि खांबाकडे निघाले.

"अहो वस्ताद! काय करताय? द्या इकडं!"

सर्जेरावने कुदळ हिसकावली आणि जरा घुश्शातच खणायला लागला. खांबाभोवतीची सगळी माती उकरली, ढेकळं फोडली. पाय घोट्यापर्यंत रुतायला लागले तेव्हा थांबला. कपाळाचा घाम पुसला.

"झालं? आता घेऊ पोरं?"

वस्ताद आतून तोच पाट घेऊन आले होते. तो त्यांनी ओट्याच्या फरशीवर ठेवला. वाकून त्याला डावा हात लावला, तो कपाळाला नेला आणि पाटावर चढून उभे राहिले. म्हातारे पाय... पाट डुगडुगला.

कुदळ तिथेच पडली. सर्जेराव मातीने भरलेल्या पायांनी धावत ओट्यावर आला आणि वस्तादांभोवती दोन्ही हात पसरून उभा राहिला. स्वतःसाठी तो कधी घाबरला नव्हता. या म्हाताऱ्यावर मात्र त्याचा जीव होता.

"हात का पसरलास?"

"पडाल की, वस्ताद!"

"केवढ्यावरनं?"

सर्जेरावने खाली पाहिलं...

पण हात खाली घेतले नाहीत.

वस्तादांनी त्याच्या खांद्यावर डावा हात टेकला आणि सावकाश खाली उतरले.

"उद्यापासनं पोरं तुझी."