मधली पदं

"तिला कोणती कसोटी लावलीस?" असं सर म्हणाले, की "तिला कसोटी तरी लावलीस का?" असं... आता खात्रीनं सांगता येत नाही. दोन्हींत फरक मोठा आहे. पण तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो, आज शहात्तरचा आहे. माझ्या आठवणीवर फार विसंबू नये.

एवढं पक्कं, की दुपार होती, गडहिंग्लजमधल्या सरांच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची खोली होती, आणि 'ती' म्हणजे कसोटी लावून पाहतात तशी गणितातली श्रेणी नव्हती. ती माझी बायको होती. वत्सला.

हुद्दार सरांनी मला कॉलेजात गणित शिकवलं. पुढे मी विद्यापीठात पहिला आलो, पुण्यात अधिव्याख्याता झालो, आणि ते मिरवायलाही शिकलो. वत्सला भांडून धारवाडला माहेरी गेली, त्याला सहा महिने झाले होते. मेहुण्यानं फारकतीचे कागद पाठवले होते. सही करू का, हे विचारायला आलोय, असं मी सांगितलं. खरं तर सरांनी 'कर' म्हणावं, एवढ्यासाठीच आलो होतो.

तिची सहा पत्रं मी चटईवर ठेवली. पहिलं बारा पानांचं. मग सहा, चार, तीन, अडीचपेक्षा जरा कमी, आणि शेवटचं दोन.

"पदं शून्याकडे चालली आहेत, सर. हे आपोआपच संपणार."

सरांनी चष्मा पुसला.

"बारा. मग त्याचा निम्मा, तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा... या श्रेणीची बेरीज थांबते?"

पदं लहान होत गेली म्हणून बेरीज थांबतेच असं नाही. या श्रेणीची तर कधीच थांबत नाही, हवी तेवढी मोठी होते. दर वर्षी मी हे फळ्यावर सिद्ध करून दाखवत होतो.

"या चुकीला पोरांचे किती गुण कापतोस?"

"सगळे."

"कडक आहेस बाबा."

मग त्यांनी माझी उत्तरं कुठायत ते विचारलं. मी म्हणालो, मी उत्तर दिलेलं नाही. आधी तिनं चूक कबूल करावी, मग मी लिहीन, असं ठरवलं होतं...

सर गुडघ्यावर हात टेकून खाली बसले. सहाही पत्रं त्यांनी एका ओळीत मांडली, दोन पत्रांच्या मध्ये एका पत्राएवढी जागा सोडून. मग एकेका मोकळ्या जागेवर तळहात ठेवत गेले.

"इथे तुझं. आधीच्याहून लहान, पुढच्याहून मोठं. फार लिहायला नको. एक अधिक, एक वजा. एक तिकडून, एक इकडून."

मला कळलं. चिन्ह आलटून पालटून आलं, की तीच, शून्याकडे जाणारी पदं बेरजेला एका संख्येशी आणून सोडतात. अशा श्रेणीला अभिसारी म्हणतात.

"परिभाषा ठरवणारी मंडळी रसिक होती, त्र्यंबक. अभिसार म्हणजे भेटीला निघणं."

मी हसलो. ते हसले नाहीत.

हसण्याचीच मग मला लाज वाटली, आणि लाजेपोटी मी बोलू नये ते बोललो. म्हणालो, तुम्ही एकटे राहता, तुम्हाला यातलं काय... वाक्य पुरं केलं नाही. सर विधुर आहेत, असं सगळं कॉलेज धरून चालत असे. मीही.

ते पत्रं गोळा करत होते. क्रम न मोडता.

"आणि मी लिहिलं, तरी ती आली नाही तर?"

"ती येते, असं कुठं म्हटलंय? बेरीज एका जागी थांबते. एवढंच."

घरी जाऊन मी लिहिलं. नऊ पानं. वत्सला आली नाही. सह्या झाल्या. पण त्यानंतरही कितीतरी वर्षं आमची पत्रं जात-येत राहिली, आणि त्यांत भांडण नव्हतं.

सर गेल्यानंतर सोळा वर्षांनी मी कारवारला एका वृद्ध बाईंना भेटलो. त्या सरांच्या पत्नी. दर महिन्याला त्यांचं पत्र यायचं, म्हणाल्या, मी एकालाही उत्तर दिलं नाही. त्यांनी ट्रंक उघडून दिली. पहिलं पत्र दोन ओळींचं होतं. शेवटचं एकोणचाळीस पानांचं. मी दोनदा मोजली.