ओढ्याकाठचा वाळा

जनावरांचंही सरकार होतं, तेव्हाची गोष्ट. पाऊस पडला की चांदी म्हशीच्या गोठ्यातलं शेण ओढ्यात वाहून जायचं आणि बेडकीची पिल्लं गुदमरून मरायची. हत्तीसरकारनं खजिन्यातून वाळ्याच्या गवताची रोपं पाठवली, उतारावर लावून घाण अडवायला.

चांदीनं ती सगळी खाल्ली. अक्कल म्हशीचीच!

"सरकारी माल खायलाच असतो ना गं?" ती बेडकीला म्हणाली.

बेडकी भांडली नाही. "मावशी, इकडे बघ," म्हणत तिनं गढूळ पाण्यात उरलेलं एकुलतं एक पिल्लू दाखवलं. चांदीचा रवंथ थांबला.

सरकारनं पुन्हा रोपं दिली. चांदी त्यांच्याकडे पाठ करून राखणीला उभी राहिली. कोवळ्या वासानं तोंडाला पाणी सुटत होतं. तेवढ्यात तिचंच रेडकू पुढे सरसावलं.

"मागे हो रे सोन्या," ती म्हणाली. "चारा नाही तो. बेडकीचं लेकरू आहे."