काय कमी पडलं?

ऑफिसातून आल्यावर हेमांगीने चिकन शिजत घातलं आणि पाहते तर खोबरं संपलेलं. मग तिने शेंगदाणे आणि तीळ भाजून वाटले आणि रस्सा केला. तेवढ्यात तिचे चुलत सासरे अण्णाकाका न सांगता जेवायला आले. मोठमोठ्या हॉटेलांत जेवल्याचा त्यांना भारी अभिमान. त्यांनी तीनदा वाढून घेतलं, हाडं चोखली, ढेकर दिली आणि म्हणाले, "यात काहीतरी कमी पडलंय. सुगरण असशील तर ओळख."

सासूबाई आणि नवरा अजून जेवायचे होते. हेमांगीने पातेलं काकांपुढे कलतं केलं. तळाशी नुसता रस्सा होता.

"चिकन कमी पडलंय, काका," ती शांतपणे म्हणाली.

पुढच्या खेपेला काका आले ते किलोभर चिकन घेऊनच.