दगड उचलणाऱ्या होड्या

हा समोरचा काळा खांब बघा. मसणवटीत आहे म्हणून बिचकू नका, जवळ या. मधोमध पांढरी रेघ दिसते ना, तिथे तो मोडला होता. समुद्रावर गेले आणि परत आले नाहीत, अशांचा हा खांब. प्रेतच नाही तर दहन कुणाचे करणार? म्हणून माणसामागे एक खूण इथे कोरायची, तीच त्याची समाधी. आमच्या रेवळी गावात ही रीत कुणी घातली ते ठाऊक नाही, पण खांब पुन्हा कसा उभा राहिला ते सगळ्यांना पाठ आहे.

असे सांगतात की, फार वर्षांपूर्वी मोठे वादळ झाले. घरांची छपरे उडाली आणि खांबाचा वरचा तुकडा खाडीत जाऊन पडला. धुरपा नावाच्या कोळिणीच्या नवऱ्याची, हाशाची, खूण नेमकी त्याच तुकड्यावर. गावाने चार दिवस दोर लावून तो ओढला. दोर तुटले, दगड चिखलात आणखी रुतला. आम्ही कोळी जाळी ओढून मोठे झालेले. ओढण्यापलीकडे आम्हाला सुचते काय? शेवटी गावचा पुढारी गोमा नाखवा दमून म्हणाला, "ऱ्हाऊ दे. नवा खांब उभारू."

"नव्या खांबावर माजा हाशा कुठं हाय?" धुरपा म्हणाली. खांब उभा राहीपर्यंत मासळी तोंडाला लावणार नाही, असा तिने नेम केला. कोळिणीने मासळी सोडायची म्हणजे काय, ते तुम्हा घाटावरच्यांना कळायचे नाही! पेज आणि मिठावर तिने महिने काढले.

मोठ्या उधाणाची आश्विनातली पुनव जवळ आली तशी ती नाखव्याच्या दारात उभी राहिली. "ज्यानं पाडला, त्या दर्यालाच उचलाया लावा. ओहोटीला दगड होडीला बांधा. भरती उचलंल."

लोक हसले. भाराने होडी फुटली तर? आणि आपली होडी द्यायची कुणी? गोमाची नवी होडी किनाऱ्यावर होती, मासळीचा वासही न लागलेली. तो, म्हणे, उठून स्वतःच तिला पाण्याकडे ढकलू लागला. जोडीला भावाची होडी आली. दगडाच्या दोन बाजूंना त्या लावून दोन्हींवर आडवे वासे टाकले, ओहोटीत दगड काथ्याच्या दोरांनी आवळून वाशांना बांधला, आणि सारे गाव काठावर वाट बघत बसले.

पाणी चढले. वासे करकरले. होड्या काठोकाठ दबल्या, नाखव्याने डोळे मिटले. आणि चिखलाने दगड सोडला! गाव असे ओरडले की पलीकडच्या तीरावरची गुरे उधळली म्हणे. उधाणाच्या पाण्यावर तरंगत होड्यांनी दगड थेट मसणवटीच्या पायरीशी आणला. शिंपल्यांच्या चुन्याने तो जोडला. खांब उभा राहिला त्या दिवशी धुरपेला पहिला घास नाखव्याच्या बायकोने भरवला. बोंबलाचा.

यात ऐकीव किती आणि खरे किती, ते मला विचारू नका. पायथ्याशी रचलेले हे दगड मात्र बघा. आजही रेवळीत नवी होडी उतरली की पहिल्या भरतीला ती मासळी धरायला जात नाही. खाडीतला एक दगड उचलून इथे आणते. त्यानंतर वादळे काय कमी आली? छपरे गेली, माड गेले, पण खांब जागचा हलला नाही. इथे, रेघेच्या वर, हात लावून बघा. हाशाची खूण अजून बोटांना लागते.