इंगवले सरांची जर्सीची पेटी

पेरणवाडी नावाच्या गावात एक कॉलेज होतं आणि त्या कॉलेजचा एक फुटबॉलचा संघ होता. संघ म्हणायचा आपला! दर वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचा, पहिल्याच सामन्यात सपाटून मार खायचा आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचा. एसटीचा कंडक्टरसुद्धा आता निकाल विचारत नसे.

या संघाला शिकवायचे इंगवले सर. माणूस कष्टाळू. याच कॉलेजात शिकले, याच मैदानावर खेळले, आणि पुढे इथेच खेळाचे शिक्षक झाले. मैदानावर त्यांचा भारी जीव होता. पण एक खोड होती. त्यांचा कुणावर म्हणून विश्वास बसत नसे. तसं कारण होतं म्हणा. काही वर्षांपूर्वी त्यांचा सगळ्यात चांगला खेळाडू ऐन स्पर्धेच्या तोंडावर शहरातल्या कॉलेजने पळवला, आणि त्याच पोराने सरांच्या संघाला गोल मारला. तेव्हापासून सरांना जिकडेतिकडे पाणी मुरताना दिसायला लागलं. फसवलं एकाने, आणि हिशेब मागायचे ते सगळ्या जगाकडे.

त्या वर्षी प्राचार्यांनी त्यांना बोलावलं आणि स्पष्टच सांगितलं, "इंगवले, यंदा स्पर्धेला पुरा संघ उभा राहिला नाही, तर मैदान मोकळं ठेवण्यात अर्थ नाही. तिथं नवी इमारत बांधायला घेऊ."

सरांच्या पायाखालची जमीनच सरकली. संघात पोरं होती, पण जेमतेम. गोलकीपर तर नव्हताच. जुना गोलकीपर पदवी घेऊन निघून गेला होता. सर गावोगाव हिंडले. बारावी झालेल्या पोरांच्या घरी जाऊन बसले. चहा सगळीकडे मिळाला, खेळाडू कुठेच मिळाला नाही. एका आईने तर तोंडावरच विचारलं, "तुमच्याकडं पाठवून पोराला काय शिकवू, हरायला?" सरांनी कप खाली ठेवला आणि ते उठले.

आणि मग एक दिवस आपण होऊन एक पोरगा मैदानावर आला. नाव भरमा नाईक. उंच, हाताचे पंजे सुपाएवढे. तो शहरातल्या त्याच कॉलेजातून दाखला काढून इथे प्रवेश घ्यायला आला होता.

"मी गोलकीपर आहे सर," तो म्हणाला.

अहो, अशा वेळी माणसाने काय करावं? पोराला जवळ घ्यावं, पेढा भरवावा! पण सरांच्या मनात पाल चुकचुकली. सगळी पोरं शहराकडे पळतात आणि हा तिकडून इकडे येतो? हरणाऱ्या संघात? आपल्या पायाने?

"इथं कशाला आलास?" सरांनी डोळे बारीक करून विचारलं.

"मला खेळायचंय सर. तिकडं त्यांचा गोलकीपर ठरलेला. नुसतं बाकावर बसून जीव विटला."

साधं उत्तर होतं. शेंबड्या पोरालाही समजलं असतं. पण सरांना ते फारच साधं वाटलं, आणि म्हणूनच खोटं वाटलं.

त्या संघाची एक रीत होती. नवा खेळाडू आला की गोलच्या खांबाजवळ नारळ फोडायचा आणि सरांनी आपल्या हाताने त्याला जर्सी द्यायची. जर्सी मिळाली की पोरगा संघातला झाला. जर्सी एका पत्र्याच्या पेटीत असायच्या आणि पेटीची किल्ली सरांच्या खिशात. भरमासाठी ना नारळ फुटला, ना पेटी उघडली. "आधी खात्री, मग जर्सी," सर म्हणाले. भरमा साध्या बनियनवर गोलमध्ये उभा राहायला लागला. चिखलात उड्या मारायचा, चेंडू छातीशी धरायचा, उठून हसायचा. सर त्याचा खेळ बघायचे सोडून त्याचं हसणं तपासत बसायचे.

शेवटी सरांनी खात्री करून घ्यायची युक्ती काढली. त्यांचा मेव्हणा प्रल्हाद लांबच्या गावी राहायचा. कॉलेजातलं कुणी त्याला ओळखत नव्हतं. सरांनी त्याला बोलावून घेतलं आणि पढवलं, "तू त्या पोराला गाठ. सांग, मी शहरातल्या कॉलेजचा माणूस. परत ये, बूट देतो, हॉस्टेल देतो, यंदा खेळवतोही. बघू काय करतो."

"करतो की दाजी," प्रल्हाद म्हणाला. त्याला अशा कामांची हौसच होती.

भरमाने त्याचं सगळं ऐकून घेतलं, नको म्हणाला आणि तडक सरांकडे आला. "सर, सावध राहा. शहरातला एक माणूस पोरं फोडायला फिरतोय."

झालं की आता! आणखी काय खात्री पाहिजे? पण संशयाचं पोट कधी भरलंय? सरांना वाटलं, हा इतक्या लगबगीने सांगायला का आला? ह्याला सापळा कळला असणार. फार बेरकी दिसतो. आणि त्याहून वाईट विचार पुढे आला. हा निदान सांगायला तरी आला. बाकीच्यांना कुणी विचारलं, तर ते काय करतील?

तो विचार सरांना काही सोडेना. त्यांनी प्रल्हादला पुन्हा बोलावलं. आता सगळ्यांचीच परीक्षा. प्रल्हाद एकेकाला गाठायला लागला. कुणाला वडापावच्या गाडीवर, कुणाला एसटी स्टँडवर. बोलता बोलता त्याची जीभही सैल सुटली. बूट, हॉस्टेल, वर रोज अंडी आणि दूध! जे सरांनी सांगितलं नव्हतं तेही तो देऊन मोकळा व्हायचा. खरं द्यायचं कुणाला होतं?

पोरं बिचारी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी हवीशी वाटली होती. ती लाजली, फुशारली आणि म्हणाली, "विचार करून सांगतो." संघाचा कॅप्टन संग्रामसुद्धा तेच म्हणाला. एकही जण सरांना सांगायला आला नाही.

सरांचा जीव जळला. पण त्यांना आपलं खरं ठरल्याचा आनंदही झाला, बरं का! असा आनंद फार वाईट. त्या दिवसापासून ते पोरांशी तुटक बोलायला लागले. कुणी पाणी प्यायला बाजूला गेला तरी विचारायचे, "कुणाला भेटून आलास?" चेंडू अडवताना संग्रामचा पाय घसरला, तर म्हणाले, "शहरवाल्यांना गोल सोडायची आतापासूनच सवय करतोयस वाटतं." पोरांना कळेना आपलं चुकलं काय. मैदानावर येताना त्यांचे पाय जड व्हायला लागले.

भरमाला हे दिसत होतं. तो पुन्हा सरांकडे गेला. "सर, पोरं जायच्या बेतात आहेत. तुम्ही एकदा त्यांच्याशी नीट बोला. ऐकतील ती."

सर गालातल्या गालात हसले. शहरातून कुणी आलंच नव्हतं हे कॉलेजात त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. बोलावणंच खोटं, तर पोरं जाणार कुठं? "माझ्याच पोरांच्या चहाड्या मला सांगतोस होय?" ते म्हणाले. "जा, गोलमध्ये उभा राहा." भरमाने मान खाली घातली आणि गेला.

आणि पोरं खरंच गेली हो! प्रवेशाची मुदत संपायच्या आत सगळी मिळून शहरातल्या कॉलेजात जाऊन उभी राहिली. तिथले खेळाचे शिक्षक खराडे सर. त्यांना संग्राम म्हणाला, "सर, तुमचा माणूस आला होता. आम्ही यायला तयार आहोत."

खराडे सरांनी कुणालाच पाठवलं नव्हतं. पण त्यांचा बाक भरायचा होता, आणि आयती पोरं दारात आली होती. ते एवढंच म्हणाले, "काय काय कबूल केलं होतं त्याने?"

"बूट आणि हॉस्टेल. आणि अंडी, दूध."

"अंड्यांचं नंतर बघू. बाकी दिलं म्हणून समजा."

इकडे कॉलेजच्या ऑफिसातला क्लार्क इंगवले सरांना म्हणाला, "सर, आज फुटबॉलची पोरं सगळी दाखले घेऊन गेली. तुम्हाला ठाऊक असेल म्हणा."

सबंध उन्हाळा हिंडून सरांना एक खेळाडू मिळवता आला नव्हता. त्यांच्या मेव्हण्याने मात्र शहरासाठी त्यांचा अख्खा संघ मिळवून दिला होता, आणि तोही त्यांच्याच सांगण्यावरून. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. रडायचं कुणाजवळ?

संध्याकाळी ते मैदानावर गेले. भरमा बनियनवर, बुटांच्या नाड्या बांधत बसला होता. सरांनी पेटी उघडली. आत जर्सींच्या घड्याच घड्या. त्यांनी गोलकीपरची जर्सी काढली आणि पुढे केली. पण देता देता त्यांचा हात अडला. सवय जाते का इतक्यात?

"सगळी गेली," ते म्हणाले. "मग तू एकटाच का राहिलास रे?"

भरमाने त्यांच्याकडे बघितलं. "पहिल्या दिवशी सांगितलं होतं की सर. मला खेळायचंय."

सरांनी मान वळवली. डोळे पुसले आणि जर्सी त्याच्या हातात दिली. भरमाने ती घातली. नारळ आणायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. तो सवयीने जाऊन गोलमध्ये उभा राहिला, हात पसरले आणि समोर बघितलं. समोर सगळं मैदान मोकळं. चेंडू मारायला कुणी नाही, अडवायला कुणी नाही.

मग तो परत आला, जर्सी काढली आणि नीट घडी घालून पेटीत ठेवली.

"मळली नाही सर," तो म्हणाला. "राहू द्या आत."

दिवाळीनंतर त्या मैदानावर इमारतीचा पाया खणायला घेतला. गोलचे खांब उपटताना इंगवले सर तिथेच उभे होते, म्हणतात. पेटीची किल्ली अजून त्यांच्या खिशात होती.

तात्पर्य: माणसाची खात्री करावी, पण ती पटली की त्याला आपलं म्हणावं. जो तपासतच राहतो, तो आपल्याच माणसांना परक्याच्या दाराची वाट दाखवतो, आणि मग उरलेल्या एका खऱ्या माणसाला द्यायला त्याच्याजवळ काही उरत नाही.