पाठवली म्हणजे पोहोचली?

मिरजेतल्या एका इस्पितळात रुग्णांच्या नोंदींचा मुख्य सर्व्हर बंद पडलाच, तर हाताशी एक राखीव सर्व्हर होता. नव्या नोंदींच्या फायली त्याच्याकडे सतत जात आणि प्रत्येक फाइल पूर्ण पोहोचली का, हे तस्लीम मुजावर पडताळत असे.

संचालक डॉ. गुणे बैठकीत कडाडले, "पाठवली म्हणजे पोहोचली! हा वेळखाऊपणा आजपासून बंद."

"ठीक आहे, सर," म्हणत तस्लीम उठली. "मग मुख्य सर्व्हर आत्ताच बंद करते. आयसीयूतली औषधं राखीव सर्व्हरवर बघून देऊ."

डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"नको," ते म्हणाले. "आधी पडताळा."

सकाळची एक फाइल अर्धीच पोहोचलेली निघाली. ती पुन्हा पाठवून तंतोतंत जुळेपर्यंत डॉक्टर तस्लीमच्या खुर्चीमागून हलले नाहीत.