हळदीच्या तीन रेघा

"हे चित्र कशाचं आहे, तेवढं सांगा. मला दुसरं काही नको."

अवधूत पांचाळांनी मोटारीची किल्ली मठातल्या मायपुढे धरली. किल्लीच्या काळ्या मुठीवर तीन पिवळ्या रेघा होत्या. तिरक्या. एका टोकाला जाड, मग निमुळत्या होत होत पुसट.

ती खूण आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक. पांचाळांच्या कारखान्यातल्या 'यमुना' मोटारीची खूण. आमच्या भागातली लग्नाची वरात बहुधा यमुनेतूनच निघते.

मायनी किल्लीकडे पाहिलं नाही. त्या वात वळत होत्या.

"बूट काढून ये आधी," त्या म्हणाल्या.

खंडेनवमीची सकाळ होती. कोयनेकाठच्या या लहानशा मठात नवरात्रभर अखंड दिवा असतो. आम्ही काही बायका उपास धरून वाती वळायला येतो. त्या दिवशीही ओसरीवर बसलो होतो. जे पाहिलं, तेवढंच लिहिते.

अवधूतराव बूट काढून आले. चेहरा तापलेला. सुशीलाकाकूंनी तांब्या-भांडं पुढे सरकवलं. त्यांनी पाण्याला हात लावला नाही.

उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना आवाज चढत गेला. परदेशातल्या एका बड्या कंपनीने त्यांच्यावर दावा लावला होता. तीन रेघा आमच्या आहेत, तुम्ही चोरल्यात, असं तिचं म्हणणं. दसरा झाला की कोर्टाला सांगायचं होतं, ही खूण कोणी काढली, कधी, कशावरून. नाही सांगता आलं तर ती एकेका गाडीवरून उतरवायची. कारखान्याच्या कमानीवरूनसुद्धा. वकिलाने बजावलं होतं, कहाण्या नकोत, खरं काय ते आणा.

कहाण्या पुष्कळ होत्या. जाहिरातवाले म्हणत, तुटता तारा आहे. जुने कामगार म्हणत, ऐरणीवरची ठिणगी. खुद्द अवधूतरावांनी एका समारंभात सांगितलं होतं की त्या तीन नद्या आहेत. टाळ्याही पडल्या होत्या.

"आणि खरं?" मायनी विचारलं.

"खरं अण्णांना माहीत होतं."

अण्णा म्हणजे त्यांचे वडील, केशवअण्णा पांचाळ. कोल्हापुरात एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी पहिली यमुना हाताने ठोकून उभी केली होती. गेल्या श्रावणात ते वारले.

"मी त्यांच्या उशाशी बसून विचारलं. एकच उत्तर. मठात माय आहेत, त्यांना विचार." अवधूतरावांनी किल्ली मुठीत आवळली. "मरणाऱ्या माणसाने पोटच्या पोराला एवढंही सांगू नये?"



आम्ही एकमेकींकडे पाहिलं. केशवअण्णांना आम्ही ओळखत होतो. दर खंडेनवमीला ते त्या वर्षीची नवी मोटार घेऊन यायचे आणि खालच्या पायरीशी उभे राहायचे. उन्हात, टोपी हातात घेऊन. माय दार आतून लावून घ्यायच्या. ऊन चढेपर्यंत म्हातारा थांबायचा, मग वाकून पायरीला हात लावायचा आणि निघून जायचा.

सुशीलाकाकूंनी एकदा विचारलं होतं, असा काय गुन्हा केलाय त्याने? मायनी हातातला तांब्या असा आपटला की त्याला पोचा आला. तोच तांब्या आता अवधूतरावांपुढे होता.

या वर्षी मात्र दार उघडं होतं. सकाळी मायनी स्वतः उठून उघडलं होतं.

"सांगणार आहात की मी जाऊ?"

"सांगते. पण तुला आवडायचं नाही."

"मला आवडायला नकोय. कोर्टाला पटायला हवंय."

मायनी वळलेली वात ताटलीत ठेवली. दुसरी घेतली नाही.

"पहिली गाडी तयार झाली, तो दिवस असाच. खंडेनवमी. शेडच्या दारात पूजा मांडली होती. गल्लीतल्या सवाष्णी ताटं घेऊन आल्या होत्या. केशवची थोरली बहीण होती. यमुना. माहेरीच असायची. त्या गाडीच्या गाद्या तिने शिवल्या होत्या. केशव पत्रा ठोकायचा, तेव्हा पलीकडून धरायला तीच. हाताला घट्टे पडले होते तिच्या… गाडी उभी राहिली, आणि तिला राहवलं नाही. सवाष्णींच्या आधी पुढे झाली. ताटातल्या हळदीत पंजा बुडवला आणि गाडीच्या कपाळावर ठेवला."

माय थांबल्या.

"ठेवला कसला… ठेवायला गेली."

"मग?"

"ती विधवा होती."

सुशीलाकाकूंनी मान वर केली.

"तू नको, असं कोणी म्हणालं. मनगट धरलं आणि मागे ओढलं. तोवर मधली तीनच बोटं टेकली होती." मायनी आता पहिल्यांदा किल्लीकडे पाहिलं. "ती ओढली गेली, त्याच्या या रेघा."

"कोण म्हणालं?"

"ज्याची गाडी, तो."

"अण्णा?" अवधूतराव हसले. ते हसणं ऐकवत नव्हतं. "अण्णांनी आयुष्यात कोणाला अरे म्हटलं नाही. त्यांना बहीणसुद्धा नव्हती. आमच्या घरात यमुना नावाचं कोणी नव्हतं. कधीच."

"नाव घरात राहू दिलं नाही. म्हणून गाडीवर घातलं असेल."

"आणि रेघा? तेव्हाच पुसल्या का नाहीत?"

"ते मी कसं सांगू? ती त्याच दिवशी घर सोडून गेली. पण पुढच्या प्रत्येक गाडीवर त्याने त्याच ठेवल्या… एवढं दिसतं की. रस्त्याने जातात गाड्या."

अवधूतराव ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले. शेवटी खांबाशी थांबले, आणि बांध फुटावा तसे बोलले.

"म्हणजे मी कोर्टात उभं राहून सांगायचं, की आमची खूण म्हणजे एका विधवेच्या हाताचा…"

त्यांची नजर सुशीलाकाकूंच्या कपाळाकडे गेली. तिथे कुंकू नव्हतं. ते क्षणभर चपापले. पण राग तेवढ्याने थांबतो थोडाच?

"वरातीला नेतात लोक आमची गाडी. नवरा-नवरी बसतात तिच्यात. उद्या हे पेपरात आलं तर दारात तरी उभी करतील का?"

सुशीलाकाकू वात वळता वळता म्हणाल्या, "इतकी वर्षं बसतायत. कोणाचं काय वाईट झालं?"

"तुम्ही मध्ये बोलू नका."

"नाही बोलत. पाणी तेवढं घ्या. घसा बसेल, मग कोर्टात कसं ओरडाल?"

मला हसू आलं, ते मी पदरात लपवलं. अवधूतरावांना मात्र ते आगीत तेल पडावं तसं लागलं. ते मायकडे वळले.

"अण्णांना उन्हात उभं करायचात. मी गाडीत बसून पाहिलंय. लहान होतो. दरवर्षी वाटायचं, आज तरी हे दार उघडेल. नाही उघडलं… ते परत यायचे, स्टिअरिंगवर डोकं टेकायचे, आणि मला म्हणायचे, चल, भूक लागली असेल तुला. काय केलं होतं त्यांनी तुमचं? संन्यासिनी ना तुम्ही? संन्याशाला राग असतो का?"

"असतो."

हे मायनी इतक्या हळू सांगितलं की ते पुढचं वाक्य विसरले.

मठात येणाऱ्याने मागचं सगळं खालच्या पायरीवर ठेवायचं, अशी इथली रीत आहे. गाव, घर, नावसुद्धा. म्हणून मायना पूर्वीचं कोणी काही विचारत नाही. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

"बाकी सगळं पायरीवर ठेवता आलं," माय म्हणाल्या. "राग तेवढा माझ्याबरोबर आत आला…"

अवधूतरावांना ते ऐकू गेलं नसावं. रागावलेला माणूस आपलंच ऐकत असतो.

"मला पुरावा हवाय. ती बाई जिवंत असेल तर आणा तिला. कोर्टात उभी राहू दे. हात ठेवून दाखवू दे. नाहीतर मी म्हणेन, तुम्ही हे रचलंय. अण्णांवरचा राग माझ्यावर काढताय."

मायनी वातींची ताटली बाजूला सरकवली. आत दिव्याची वात तडतडली. 

"गाडी आणलीयस?"

"आणलीय. यंदाच्या नव्या मॉडेलची पहिली. इथून अंबाबाईला जायचंय पूजेला. घरची मंडळी तिथे ताट घेऊन थांबलीत. गुरुजी थांबलेत."

"चल. बघू दे."

माझ्या खांद्यावर हात ठेवून माय उठल्या. नव्वदीच्या घरातलं वय. हात हलका, पण बोटं खांद्यात रुतत होती. नैवेद्याच्या ताटाशी मी हळद कालवून ठेवली होती. ती वाटी त्यांनी मला बरोबर घ्यायला सांगितली.

खंडेनवमीला त्या पायऱ्या उतरून खाली गेल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी गेल्या. एकेक पायरी.

केशवअण्णा उभे राहायचे, तिथेच गाडी उभी होती. पांढरीशुभ्र. पुढे जाळीवर तीन पिवळ्या रेघा बसवलेल्या. बॉनेट कोरं. अजून कोणी हार घातला नव्हता, नारळ वाढवला नव्हता.

मायनी आधी दार उघडायला लावलं. आत वाकून गादीच्या कडेवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"शिवण बरी आहे," म्हणाल्या. "कोपऱ्यात जरा घाई केलीय."

अवधूतराव घड्याळ बघत होते. पूजेला उशीर होत होता. त्यांच्या कपाळावरची शीर फुगलेली मला दिसत होती.

माय गाडीच्या पुढे आल्या. माझ्यापुढे हात केला. मी वाटी धरली.

त्यांनी उजवा पंजा हळदीत बुडवला. पूर्ण. हळद बोटांच्या बेचक्यांतून ओघळली, मनगटापर्यंत आली.

मग तो पंजा त्यांनी गाडीच्या कपाळावर नेला.

बोटं टेकली न टेकली तोच अवधूतराव पुढे झेपावले.

"माय, तुम्ही नको."

मनगट धरलं. ओढलं.

वाटी माझ्या हातातून पडली…

पांढऱ्या पत्र्यावर तीन रेघा होत्या. तिरक्या. एका टोकाला जाड, मग निमुळत्या होत होत पुसट.

खाली जाळीवर, कारखान्यात बसवलेल्या तीन रेघा.

अवधूतरावांनी वर पाहिलं. खाली पाहिलं. पुन्हा वर पाहिलं.  मायचं मनगट अजून त्यांच्या मुठीत होतं. त्यांची पकड सैल झाली नव्हती.

मायच्या डोळ्यांत तो जुना राग एकदम वर आला. मी इतक्या जवळ होते की मला भीती वाटली. वाटलं, डाव्या हाताने आता थोबाडीत मारतात. मारली असती तरी आम्ही कोणी धरलं नसतं.

त्यांनी अवधूतरावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ. म्हातारपणी केशवअण्णांचं तोंडही असंच व्हायचं, पायरीशी उभे असताना. खालचा ओठ जरा पुढे.

आच बारीक केल्यावर उतू जाणारं दूध खाली बसतं ना, तसं काहीतरी मायच्या चेहऱ्यावर झालं…

"आत्या," अवधूतराव म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

मायनी त्या हाकेला ओ दिली नाही. नाकारलीही नाही. त्या फक्त आपल्या मनगटाकडे पाहत होत्या, आणि त्यावरच्या अवधूतरावांच्या बोटांकडे.

"हात सोड," त्या म्हणाल्या. "अंगठा आणि करंगळी टेकायची राहिलीय."